वीणेचा पहारा आणि सभामंडपाची किल्ली : ऊसतोडीच्या हंगामातील एका गावाचे प्रकरण

बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरावर वसलेल्या एका गावात पन्नाशी ओलांडलेल्या काही माणसांनी लागोपाठ दोन हंगाम एकच काम, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांचा अभ्यास घेण्याचे आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची कागदपत्रे मार्गी लावण्याचे, दोन वेगवेगळ्या रीतींनी करून पाहिले. पहिल्या हंगामात, म्हणजे २०२२ च्या दिवाळीनंतर सुरू झालेले काम फेब्रुवारीत बंद पडले. दुसऱ्या हंगामात तेच काम ऊसतोडीला गेलेली शेवटची टोळी गावात परत येईपर्यंत चालले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी याच गावात, सासरच्या घरी, राहते आणि दोन्ही हंगामांत मी या गटात होते. त्यामुळे हे त्रयस्थाने केलेले टिपण नव्हे, आणि पहिल्या हंगामातल्या चुकांत माझाही वाटा आहे. गावाचे व माणसांचे नाव मी दिलेले नाही, कारण यातील बऱ्याच गोष्टी घराघरांतल्या अडचणींच्या आहेत.

गाव आणि हंगाम

दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडावर पुढचे पाच-सहा महिने कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, निघतात. मागे गावात राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी लेकरे. मुलांनी शाळा सोडून आईबापांमागे जाऊ नये म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि तिचा आधार मोठा आहे. पण मंजुरीला उशीर झाला तर हंगामाचे पहिले आठवडे तसेच जातात, आणि वसतिगृह सुरू असले तरी शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतचे दोन-तीन तास आजी-आजोबांच्या अंगावर पडतात. ज्या आजीला संध्याकाळनंतर नीट दिसत नाही तिच्याकडे तीन नातवंडे सांभाळायला असतात, हे आमच्या गावात नवलाचे नाही.

दुसरी अडचण खुद्द या म्हाताऱ्या माणसांची. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचे दरमहा १,५०० रुपये ज्यांना मिळतात त्यांना दरवर्षी हयात असल्याचा पुरावा द्यावा लागतो, बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावून पैसे काढावे लागतात आणि रेशनच्या दुकानात पुन्हा अंगठा लावावा लागतो. मुलगा-सून फडावर असताना ही सगळी धावपळ करणारे घरात कोणी नसते.

म्हणून काम दोन प्रकारचे ठरले. संध्याकाळी दोन तास मुलांना एकत्र बसवून अभ्यास घ्यायचा आणि आठवड्यातून एकदा, गुरुवारी, म्हाताऱ्या माणसांची कागदपत्रे मार्गी लावायची.

येथे वयाबद्दल एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी तिच्यावर अवलंबून आहेत. सरकारी कागदात पन्नाशीला काही नाव नाही. राज्य शासनाचा बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा ६० वर्षांवरील व्यक्तीला ज्येष्ठ म्हणतो, श्रावणबाळ योजना ६५ पासून लागू होते, आणि एसटीचा पूर्ण मोफत प्रवास ७५ नंतर मिळतो. पन्नास ते पासष्ट या वयाचा माणूस मदत घेणाऱ्यांच्या यादीत येत नाही, आणि मदत करणारा म्हणून त्याला कोणी हाक मारत नाही. पन्नाशीनंतर हाताशी रिकामा वेळ असतो, ही समजूत पगारदारांची आहे. आमच्या गावातली पंचावन्न वर्षांची बाई आयुष्यातल्या सगळ्यात जास्त धावपळीच्या काळात असते : सासू अंथरुणाला, नातवंडे अंगावर, दावणीला एक म्हैस आणि गुडघे दुखायला लागलेले. पंचावन्न वर्षांचा शेतकरी निवृत्त होत नाही.

पहिला हंगाम

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात बैठक झाली. पुढाकार गावातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी घेतला; त्यांना सगळे गुरुजी म्हणतात आणि या लेखातही तसेच म्हणते. एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक, एक माजी सैनिक, टपाल खात्यात नोकरी केलेले एक गृहस्थ, मी आणि आणखी काही जण अशी आम्ही तेवीस नावे लिहिली. नावे वाचताना कोणाच्या लक्षात आले नाही की मी सोडून यादीत एकही बाई नाही आणि नोकरी न केलेली माणसेही मोजकीच आहेत. ज्या बायकांच्या घरी नातवंडे होती त्यांची नावे दुसऱ्या यादीत गेली, ज्यांना मदत करायची त्यांच्या. ही यादी मीच माझ्या हाताने केली होती.

गुरुजींनी आठवड्याच्या पाच संध्याकाळींचे वेळापत्रक बनवले, तासांप्रमाणे विषय वाटले आणि हजेरीचे रजिस्टर घातले. उद्घाटनाला शाल-श्रीफळ झाले, फोटो निघाले, गळ्यात घालायची ओळखपत्रे आली. पंधरा दिवस सगळे उत्साहात होते. मग तुरीची काढणी आली. शेतीपंपाची थ्री-फेज वीज काही दिवस रात्रीची असते. ज्याच्या रानात हरभरा होता त्याला त्या रात्री पाणी द्यायला जावेच लागे, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचे डोळे उघडे राहत नसत. एकाच्या पत्नीचे ऑपरेशन झाले. जो आला नाही त्याच्या नावापुढे रजिस्टरमध्ये लाल शाईने खूण होई, आणि महिनाअखेरच्या बैठकीत गैरहजेऱ्या मोठ्याने वाचल्या जात.

त्या बैठकीतला एक क्षण मी विसरलेले नाही. साठीला टेकलेला एक शेतकरी दाराजवळ उकिडवा बसला होता. त्याच्या नावापुढे आठ गैरहजेऱ्या निघाल्या. त्याने मान खाली घालून टोपी काढली, तिची घडी नीट केली, परत डोक्यावर ठेवली आणि काही न बोलता उठून गेला. त्यानंतर तो अभ्यासाला आला नाहीच, पण पारावरही दिसेनासा झाला. गावासाठी काही करावे म्हणून स्वतःहून नाव दिलेल्या माणसाला आम्ही तोंड चुकवायला लावले होते.

संक्रांतीपर्यंत आम्ही सात जण उरलो. फेब्रुवारीत ज्वारीची सुगी लागली आणि तिघे राहिलो. गुरुजी पाचही संध्याकाळी एकटे येऊ लागले. एका संध्याकाळी त्यांना चक्कर आली, रक्तदाब वाढल्याचे निघाले आणि काम थांबले. गुरुजींचा यात दोष काढणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. उभ्या नोकरीत त्यांनी रजिस्टरने शाळा चालवली होती आणि पगारी माणसाला रजिस्टर बांधून ठेवू शकते. स्वतःहून आलेल्या माणसाला ते फक्त अपमान देऊ शकते, हे आम्हा सगळ्यांनाच उशिरा कळले.

सप्ताहातले बोलणे

चैत्रात टोळ्या परतल्यावर गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. वीणा गळ्यात घालून उभे राहण्याच्या पाळ्या, म्हणजे पहारे, ठरलेल्या असतात, रात्रीच्या, पहाटेच्या काकड्यापूर्वीच्या, भर उन्हातल्या. पाळी संपली तरी पुढचा आल्याशिवाय आधीचा हलत नाही. पुढचा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो, मग पहिला घरी जातो. एखाद्याला जमत नसेल तर त्याच्या घरचा दुसरा कोणी उभा राहतो. पंगतीच्या वर्गणीपासून पत्रावळी उचलण्यापर्यंतची सगळी कामे हीच माणसे करतात आणि कोणाची हजेरी कोणी घेत नाही.

काल्याच्या दिवशी भांडी घासताना एका बाईने हे सगळे एका वाक्यात सांगितले. गाव तिला आक्का म्हणते. त्या वेळी ती सत्तावन्न वर्षांची होती, विसाहून जास्त हंगाम तिने कोयता धरला होता आणि गुडघे गेल्यावर ती घरी राहिली होती. ती म्हणाली, "सात दिवस इना भुईला टेकला न्हाई, अन् तुमची शाळा दोन महिन्यांत टेकली." मी हे गुरुजींना सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की पाळी माणसाला न देता घराला द्यायला हवी होती.

पुढची आखणी याच एका विचारातून निघाली. गावाला एकत्र काम करायला शिकवण्याची गरज नव्हती. आज साठी ओलांडलेल्या माणसांनी १९७२ च्या दुष्काळात लहानपणी आईबापांबरोबर खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे पाहिली आहेत, तिथे वाटलेली सुकडी खाल्ली आहे. पेरणी-काढणीची सावड त्यांनी आयुष्यभर केली आहे : आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. आम्ही मात्र कचेरीतली घडी आणून त्यांच्यावर बसवली आणि तिला सेवा हे नाव दिले. सेवा म्हटले की करणारा वर जातो आणि घेणारा खाली. सावडीत तसे होत नाही, कारण तिथे फेड ठरलेली असते.

दुसरा हंगाम

वीस घरे तयार झाली. आठवड्याच्या पाच संध्याकाळी प्रत्येकी दोन घरे, म्हणजे एका घरावर पंधरवड्यातून एकच पाळी. घरातले कोणीही यावे : नवरा रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला गेला तर बायकोने, ती आजारी असली तर दिराने. रजिस्टर काढून टाकले. अभ्यासाचे साहित्य, सतरंज्या आणि दिवे मारुतीच्या सभामंडपातल्या कपाटात असत आणि त्या कपाटाची एकच किल्ली होती. ज्याची पाळी झाली त्याने त्याच रात्री पुढच्या पाळीच्या घरी स्वतः चालत जाऊन किल्ली हातात द्यायची, एवढा एकच नियम ठेवला. किल्ली द्यायला गेलेला माणूस दारात दोन शब्द बोलतो, घरात कोणी आजारी असेल तर ते त्याला दिसते, उद्या जमणार नसेल तर आजच कळते आणि तो पुढच्या घराकडे वळतो. पहिल्या हंगामात एखाद्याची अडचण आम्हाला महिनाअखेरीस, लाल शाईत कळत असे.

शिकवण्याबद्दलही आमची समजूत बदलावी लागली. पाळीवर येणाऱ्यांपैकी निम्म्या बायकांना वाचता येत नव्हते. मुलांनी त्यांना धडा वाचून दाखवायचा आणि त्यांना समजेपर्यंत सांगायचे, असे ठरले. चौथीतली एक मुलगी एका आजीला पाण्याच्या चक्राचा धडा समजावत होती आणि आजी दर वाक्याला विचारत होती की मग आपल्याकडे का पडत नाही. मी चौतीस वर्षे शिकवले, पण उजळणीची इतकी चांगली रीत मला सुचली नव्हती. पुढे त्यांच्यापैकी तीन बायकांनी पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी असलेल्या 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात नाव नोंदवले. त्यात शिकवणारेही मानधनाशिवाय काम करणारे स्वयंसेवकच असतात. मार्च २०२४ मध्ये वाचन, लेखन आणि संख्याज्ञान या तीन भागांची १५० गुणांची चाचणी त्यांनी दिली. आक्का त्यांतली एक होती.

आक्काचे खरे काम वेगळेच होते. ती एका कडेला बसून मुलांकडे पाहत असे. कोणते लेकरू दुपारनंतर काही न खाता आले आहे, कोणाला ताप चढतो आहे, कोण घरी जायला टाळते आहे, हे ती ओळखत असे आणि घरी जाताना त्याला बरोबर नेत असे. फोनची वेळही तिनेच बदलायला लावली. आम्ही आईबापांशी बोलण्यासाठी साडेसातची वेळ ठेवली होती आणि निम्मे फोन लागत नसत. तिने सांगितले की गाडी भरायची असली की फोन कोपीत राहतो. मुकादमाला विचारून गाडी केव्हा भरून जाते ते आधी समजून घ्यायचे आणि मग फोन लावायचा. तिच्या सांगण्याप्रमाणे वेळ रोज बदलू लागली आणि फोन लागू लागले. तिसरीतला एक मुलगा आईचा आवाज ऐकून नुसताच उभा राहायचा, उत्तर द्यायचा नाही. आक्काने त्याच्या कानात सांगितले, बैलाचं विचार. त्याने विचारले, "पेंड घातली का त्याला?" आणि त्यानंतर पाच मिनिटे तो बैलाबद्दल बोलत राहिला. आईला तेवढेच हवे होते.

गुरुवारची कागदपत्रे निवृत्त वाहकांनी सांभाळली. तिकीट आणि पैसा यांचा रोजचा मेळ घालण्यात त्यांचे आयुष्य गेले होते, आणि ती शिस्त इथे नेमकी उपयोगी पडली. ऊसतोड, खुरपणी, धुणे-भांडी यांनी बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्रावर अंगठा उमटत नाही. केंद्रावरचा माणूस दोनदा अंगठा लावून पाहतो आणि परत पाठवतो, कारण त्याच्या मागे रांग असते. आधार नोंदणीत दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, म्हणजे कोणतेही एक बोट जुळले तरी चालते, हे वाहकांनी समजून घेतले होते. ओल्या फडक्याने बोटे पुसायची, कोरडी करायची आणि एकेक बोट शांतपणे लावून पाहायचे. एका आजीची आठ बोटे नापास झाली. नववे म्हणून डाव्या हाताची करंगळी लावली तेव्हा यंत्राने हिरवा दिवा दाखवला. वाहकांनी तिच्या पासबुकाच्या कव्हरवर पेनाने लिहिले : डावी करंगळी. पुढे त्यांनी प्रत्येकाच्या पासबुकावर त्याचे चालणारे बोट लिहून ठेवले, आणि केंद्रावर लागणारा वेळ पुष्कळ कमी झाला. तहसीलला जायचे असेल तर पाळीवरची बाई सोबत जाई. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचे अर्धेच तिकीट लागते आणि पंचाहत्तरीपुढच्या माणसाला लागतच नाही, त्यामुळे खर्चाचा प्रश्न फारसा आला नाही.

जे जमले नाही आणि जे उशिरा जमले

पहाऱ्याची रीत आम्ही जशीच्या तशी उचलली, तेव्हा तिच्यातल्या उणिवाही सोबत आल्या. आमच्याकडे वीणा सगळ्या घरांच्या गळ्यात जात नाही आणि बायकांच्या गळ्यात तर मुळीच जात नाही. पहिल्या वीस घरांत एकही घर बंजारा तांड्यावरचे नव्हते आणि दलित वस्तीतले एकच होते, जरी ऊसतोडीला सर्वाधिक माणसे तिथूनच जातात. सभामंडप मारुतीचा असल्यामुळे काही मुले पायरीवर बसत आणि आत येत नसत. आम्ही त्यांना आत या म्हणत होतो आणि ती येत नाहीत याचे नवल करत होतो. माजी सैनिकांनी स्पष्ट सांगितले की मुले का येत नाहीत हे विचारण्याऐवजी आपण जागा बदलावी. डिसेंबरअखेर कपाट शाळेच्या खोलीत हलवले. तांडा दीड-दोन किलोमीटर लांब आहे, रात्री किल्ली तिथे कोण नेणार हा प्रश्न आम्ही संक्रांतीपर्यंत पुढे ढकलला. तो सुटला तेव्हा अगदी सहज सुटला : तांड्यावरचीच एक आजी म्हणाली की दूध घालायला माझा नातू रोज येतो, तो नेईल. सहा आठवडे आम्ही फक्त विचारले नव्हते.

दुसऱ्या हंगामाचे यश सगळे नव्या घडीचे आहे, असे मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये पावसाने मोठी ओढ दिली आणि शासनाने राज्यातल्या ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत धारूर होता. हरभरा बेताचा, ज्वारी बऱ्याच रानांत नाहीच. सुगी हलकी असल्याने माणसांच्या हाताशी वेळ होता, जो आदल्या वर्षी नव्हता. दुसरीकडे, त्याच दुष्काळामुळे अधिक जोड्या फडावर गेल्या आणि मागे राहिलेल्या मुलांची संख्या वाढली. चांगल्या पावसाच्या वर्षी, भर सुगीत ही किल्ली कशी फिरते ते पाहिल्यावरच मी खात्रीने बोलेन. त्या हंगामात किल्ली दोनदा अडली. एकदा एका घरातल्या भांडणामुळे, आणि एकदा एका बाईने ती पदराला बांधली आणि तशीच माहेरी गेली. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी कुलूप उघडून काम सुरू झाले. टोपीची घडी घालून निघून गेलेल्या शेतकऱ्याच्या घराचीही पाळी होती. पहिल्या दोन पाळ्यांना त्याची बायको आली, तिसऱ्या पाळीला तो स्वतः आला आणि मुलांना पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे जुने पाढे, म्हणून दाखवली. गुरुजींची पाळी इतरांसारखीच पंधरवड्यातून एकदा येत असे. आपल्याला अधिक दिवस द्यावेत असे त्यांनी दोनदा सुचवले, आम्ही दोनदा नाही म्हटले, आणि त्यांचा रक्तदाब आटोक्यात आहे.

तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला घरांची यादी सव्वीसवर गेली आहे. जुन्या यादीतली दोन घरे स्वतःच उचल घेऊन फडावर गेली, तेव्हा त्यांची नातवंडे आता संध्याकाळी सतरंजीवर असतात. गेल्या गुरुवारी डाव्या करंगळीच्या आजीचे तेही बोट यंत्राने घेतले नाही. डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवता येते, पण त्यासाठी तिला तालुक्याच्या आधार केंद्रावर न्यावे लागेल. येत्या मंगळवारी सकाळच्या एसटीने जायचे ठरले आहे आणि सोबत जाण्याची पाळी आक्काच्या घराची आहे.